पुढील सूचनेपर्यंत

शुक्रवारी रात्री पावणेअकराला
परीक्षा पुढे गेल्याचं कळलं.
सुधारित तारीख यथावकाश.
मेसचा डबा अर्धा उघडा होता.
सुकेशिनी म्हणाली, मग उद्या काय करायचं?
चार वर्षांत हा प्रश्न खोलीवर पहिल्यांदाच आला,
पुस्तकं सरकवून आम्ही त्याला
कॉटवर बसायला जागा करून दिली.

चालू घडामोडींच्या पाठकोऱ्या कागदावर यादी.
मी लिहिलं, पर्वती.
ती म्हणाली, पायऱ्या एकशे तीन.
चढलीयेस?
नाही, वाचलंय.
तसं तर मुठा कुठून निघते, मुळेला कुठं मिळते,
धरणं किती, सगळं येत होतं आम्हाला.
फक्त पुलावर कधी थांबलो नव्हतो.

शनिवारी साडेपाचला पर्वती चढलो.
माझ्या एकशे सात भरल्या.
"हरकत नोंदव," सुकेशिनी म्हणाली,
"प्रश्नामागं शंभर रुपये."
वर वारा होता, फुकट, भरपूर.
पांढऱ्या बुटातल्या एका काकांनी
हातावर भिजवलेले मूग ठेवले
आणि न विचारता सांगितलं
की आमची पिढी पायऱ्या मोजत नाही.

दहानंतर ऊन असं, की डांबर चपलेला धरून ठेवतं.
अभ्यासिकेत ओढण्या टाकून अडवलेल्या खुर्च्या
तशाच असणार, एक्केचाळीस आणि बेचाळीस.
आम्ही स्वारगेटला जमिनीखाली उतरलो,
पिंपरीपर्यंत गेलो, तिथून परत आलो.
काम काही नव्हतं. गार हवेत बसायचं होतं.
समोर एक बाई मांडीवर कलिंगड घेऊन बसलेली,
बाळासारखं, एक हात वर ठेवून.
नदी आली तेव्हा सुकेशिनी उठून दाराशी गेली.
एवढंसं पाणी, बाकी जलपर्णी,
आणि एका बगळ्याचं चाललेलं आपलं काम.

मग रस, आलं घालून, बर्फ कमी.
मग एका चित्रप्रदर्शनात शिरलो, पंखा होता म्हणून.
चित्रकार स्वतःच वहीपाशी बसलेला, दुसरं कुणी नाही.
अभिप्राय लिहा म्हणाला.
सुकेशिनीनं सवयीनं मुद्देसूद लिहिला,
शेवटी निष्कर्षसुद्धा.

रविवारी जुना बाजार.
नळाच्या तोट्या, एकेकट्या चपला, रेडिओची पोटं,
कुणाच्या तरी लग्नाची समई.
मोइद्दीनभाईंच्या ताडपत्रीवर एक पेला होता,
दोन कानांचा, मुलामा उडालेला:
वक्तृत्व, द्वितीय क्रमांक,
कु. निर्मला शिरगुप्पे, १९८८.
ऐंशी म्हणाले, पन्नासला आले.
"नाव घासून देऊ का?"
सुकेशिनी बराच वेळ बोलली नाही.
मुलाखतीला दोनदा जाऊन आलेली ती,
दोन्ही वेळा यादी तिच्या अलीकडं संपलेली.
"राहू द्या," म्हणाली. "तिनं बोलून मिळवलंय."

संध्याकाळी झेड पुलावर
स्कूटरींवर जोडप्यांची रांग,
मधल्या एका फटीत आम्ही दोघी
आणि पिशवीत शिरगुप्पे.
कठड्याचं लोखंड अजून तापलेलं.
खाली भेळवाल्याची घंटी, वर एकदम दिवे लागले,
आणि मला वाटलं,
हे सगळं रोजच चालू होतं की काय?

तेवढ्यात पप्पांचा फोन.
इकडं तर पाखरं पडायलीत उन्हानं, म्हणाले,
डीपी दोनदा जळाली आज, खांबावरच होतो.
तारखेचं काही कळलं का?
नाही म्हणाले.
मग दोन्हीकडं थोडा वेळ नुसतं ऊन.
दर रविवारी मी इथं
चल, ठेवते, वाचायचंय म्हणते.

"पप्पा," मी म्हणाले,
"पर्वतीला एकशे सात पायऱ्या आहेत."
"असतील की," ते म्हणाले.
"आणखी काय काय बघितलं?"